नकाराचा तास

प्रिय प्रणव,

आज वर्गात मी इतकी हसले, की शेजारच्या वर्गातल्या मॅडम काय झालं ते बघायला आल्या.

फोनवर सांगितलं होतं ना, यंदा दर गुरुवारी दहावीला मी एक वेगळा तास घेते? पुस्तक नाही, परीक्षा नाही. मित्र न तोडता नकार कसा द्यायचा, राग चढला तर हात उचलण्याआधी काय करायचं, एवढंच. नशा, मारामारी यांवर भाषण दिलं की मुलं जांभया देतात, म्हणून मी त्यांना नाटकच करायला लावते. एकाने आग्रह करायचा, दुसऱ्याने नाही म्हणायचं. पहिल्या दिवशी आमचा दांडगट यशवर्धन खोटीच सिगरेट घेऊन उभा राहिला आणि समोरची मिताली इतकी गांगरली, की चक्क "थँक्यू" म्हणाली! वर्ग लोटपोट, ती रडवेली. मग कितीतरी गुरुवार सराव केला. नजर वर, आवाज शांत, कारणं फार द्यायची नाहीत.

आणि रविवारी खरीच वेळ आली. मिताली मैत्रिणीबरोबर भंवरकुआं चौकातल्या कोचिंगमधून निघाली, तर ओळखीच्या एका मोठ्या मुलाने नशेची गोळी पुढे केली. "कुछ नी होता, टेंशन गायब." मैत्रिणीचा हात पुढे झालाही होता. मितालीने तो धरला आणि म्हणाली, "नी भिया, अपने को नी चाहिए. अपन तो पोहे खाने जा रिये." आणि खरंच तिला ओढत ठेल्यावर घेऊन गेली. घरी जाऊन आईलाही सगळं सांगितलं. आज तिने ते वर्गात करून दाखवलं. तो मुलगा झाला यशवर्धन, आणि नकार ऐकून त्याने जे तोंड केलं ना, टाळ्या थांबेचनात.

टाळ्या ओसरल्यावर अस्मिताने हात वर केला. ही कधी बोलत नाही. "मॅडम, कुणी एकदा हो म्हणून बसलं असेल, तर त्याने काय करायचं?" पुस्तकी उत्तर मला द्यायचं नव्हतं. म्हटलं, याचं उत्तर पुढच्या गुरुवारी.

प्रणव, बारा वर्षांपूर्वी त्याच कोचिंगच्या गल्लीत तू हो म्हणाला होतास. आम्ही तुला रागावलो, लोकांपासून लपवलं, बाबांनी बोलणं टाकलं. कुणी जवळ बसून विचारलं नाही. तू मात्र एकेक दिवस करत त्यातून बाहेर आलास. नाशिकला सात वर्षं ताठ उभा आहेस, तरी इंदूरला यायला कचरतोस. अस्मिताला उत्तर तूच देऊ शकतोस. वर्गात मी तुझं नाव घेतलेलं नाही, आणि तू नाही म्हणालास तरी रागावणार नाही. पण गुरुवारी वर्गात येच. घरी एवढंच म्हटलं, की प्रणवला बोलावतेय. बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "गाडी किती वाजता पोचते? स्टेशनवर मी जाईन."

तुझ्या होकारासाठी अधीर,
तुझीच
क्षितिजाताई