दहापैकी शून्य

ता. २, मंगळवार

ती. दादास,

सा. न. वि. वि. साष्टांग घालायला खोलीत जागा उरली नाही, भिंतभर टीव्ही आलाय. उभ्या उभ्या केलेला नमस्कार गोड मानून घे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि इथे भिंतीपलीकडे सासूबाईंना जरा जास्तच येतं, म्हणून लिहितेय. चौथीची विद्या आहे, चुका पोटात घाल.

दादा, भिंगरीचा डोळा गेला म्हणतात.

तुला माहीतच आहे, तिचा डावा डोळा आळशी. डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज चार तास पट्टी सांगितली, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. सात वर्षांची पोर पट्टी बांधून स्वस्थ बसेल का? म्हणून तू तुझ्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातला तो जुना गेम पाठवलास, केशरी बंदुकीचा. डॉक्टर म्हणाले होते की नेम धरायला लागेल असं काहीही चालेल. तेव्हापासून ती पडद्यावरचे कावळे मारतेय. आमच्या जुन्या टीव्हीवर दहातले सात पाडायची, कधी आठ.

परवा रविवारी वन्सं आल्या. भावासाठी हा नवा पातळ टीव्ही घेऊन आल्या, जुना त्याच दिवशी भंगारवाल्याला देऊन टाकला. बरोबर पाहुणे होते. त्यांच्यासमोर भिंगरीला म्हणाल्या की दाखव बघू तुझी नेमबाजी. पोरगी खुशीत पट्टी बांधून उभी राहिली. दहापैकी शून्य. परत खेळली, शून्य. तिसऱ्यांदा शून्य. प्रत्येक वेळी तो मेला कावळा पडद्यावर हसतो ना, तसा हसला. इथे कावळे दिसतातही कसे, आडवे फुगून हंड्याएवढे. तरी एक लागला नाही.

वन्सं म्हणाल्या की झालं, डोळा संपला. लगेच काल डोळ्यांनी अधू मुलांच्या शाळेचा अर्ज घेऊन आल्या. शाळा दोन दिवसांच्या वाटेवर, तिथेच राहायचं. आमचे हे ट्रक घेऊन एकवीस तारखेला येतील, सही करतील, बावीसला अर्ज जाईल. सासूबाई म्हणतात की टीव्हीसमोर बसवून बसवून मीच डोळा घालवला.

कामावर काज-बटण करताना काल तीन सुया मोडल्या. पण एक कळत नाही. शनिवारी ह्याच पोरीने पट्टी बांधून मला सुईत दोरा ओवून दिला. रविवारी तिला हंड्याएवढा कावळा दिसेना? असा एका दिवसात डोळा जातो का रे?

वहिनीला नमस्कार. माया कमी करू नकोस, सध्या तीच पुरवून पुरवून वापरतेय.

तुझी,
बयो

---

ता. ६, शनिवार

चि. बयोस,

अ. उ. आ. आशीर्वाद अनेक आहेतच, त्यांच्याबरोबर आज थोडा रागही पाठवतोय. तुझ्याकडे कमी पडतो, म्हणून.

आधी महत्त्वाचं. रडणं बंद कर. पोरीचा डोळा गेलेला नाही. आंधळी बंदूक झालीय, पोरगी नाही.

नीट वाच, मग पुन्हा वाच. त्या बंदुकीतून काही सुटत नाही. ती फेकत नाही, ती बघते. तिच्या नळीत एक डोळा बसवलाय. घोडा दाबला की पडदा पापणी लवायच्या आत काळा होतो आणि कावळ्याच्या जागी पांढरा चौकोन येतो. बंदुकीला पांढरं दिसलं तर कावळा पडला, काळं दिसलं तर हुकला. जुना पोटवाला टीव्ही चित्र आलं की त्याच क्षणी काचेवर ओढतो. पातळ टीव्ही तसा नाही. तो चित्र आधी आत घेतो, ताणतो, पुसतो, रंगवतो, मग दाखवतो. तुला मला तो उशीर कळत नाही. बंदुकीला कळतो. चौकोन येईपर्यंत तिने डोळा मिटलेला असतो. मग समोर तू असू दे नाहीतर घार असू दे, शून्यच. कावळे फुगले तेही ह्या ताणण्यामुळेच.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. बंदुकीचं नाक कावळ्यावर काचेला टेकव आणि दाब. तरी हुकेल.

आता रागाचं. मला तिसरीतून का काढलं, तुला कुणी सांगितलं नसेल. गुरुजी म्हणाले की पोरगा मंद आहे, हाक मारली तरी ओ देत नाही. बाबांनी मान डोलावली. माझा उजवा कान बंद होता आणि मी डावीकडच्या भिंतीला कान लावून शेवटच्या बाकावर बसायचो म्हणून डावाही वाया जायचा, एवढंच. कुणी जागा बदलून बघितली नाही. तो अर्ज कुणी पुढे केला तर हात मागे बांध. जावयांना सांग की आधी टीव्ही बदलून बघा.

पण ते तुझ्या तोंडाकडे बघून मानायचे नाहीत, त्यांना डोळ्यांनी दाखवावं लागेल. जुना टीव्ही शोध.

माया पुरवून वापरू नकोस. इथे दुकानच आहे.

तुझा,
दादा

---

ता. १२, शुक्रवार

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज नमस्कार खाली बसून केलाय, भंगारवाल्याकडून आत्ताच पायी आलेय.

तू सांगितलंस तसं केलं. घरात कुणी नव्हतं. बंदुकीचं नाक काचेला टेकवलं, अगदी कावळ्याच्या पोटात खुपसलं आणि दाबलं. कावळा हसला. दहाही वेळा हसला. मग मीही हसले, इतकी हसले की भिंगरी घाबरली. तिला सांगितलं की तुझं काही चुकलं नाही, टीव्ही ढ आहे. ती जवळजवळ दोन आठवडे बंदुकीला हात लावत नव्हती, दादा. पट्टी बांधायला आले की पलंगाखाली जायची. आज आपणहून बाहेर आली.

सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की भाऊ मेकॅनिक असला की बहिणीला दोष टीव्हीतच दिसणार.

मग भंगारात गेले. एकटी गेले, हे आधी लिहून ठेव. आमचा टीव्ही गेला रे. मागून फोडून आतली तांब्याची तार काढलेली, नुसतं खोकं पडलं होतं. पण आणखी चार पोटवाले आहेत, चारही तोडायचे आहेत. भंगारवाले काका तसे भले. त्यांच्या ताडपत्रीचे कोपरे फाटलेत, ते शिवून देते म्हटलं तर म्हणाले की ने त्यातला एक, वीसपर्यंत हात लावत नाही.

आता कुठला नेऊ ते सांग. एक मोठा चंदेरी आहे, झकास, पुढे १०० आकडा लिहिलाय. काका म्हणतात तोच घे, सगळ्यात नवा आहे. एक काळा, त्याला बटणंच नाहीत. एकाची काच कोपऱ्यात जांभळी झालीय. आणि एक लहानसा लाल, आपल्या भाकरीच्या डब्यापेक्षा थोडा मोठा, दिसायला अगदीच गरीब. मला चंदेरी आवडला. पण मागे हात लावायला भीती वाटते, झटका बसतो म्हणतात.

हे एकवीसला येतायत. उत्तर पक्ष्यासारखं उडत येऊ दे, फक्त कावळ्यासारखं नको.

भीती वाटतेच आहे, पण आता घाबरत घाबरत का होईना, नाहीच म्हणणार आहे. पाठीवर हात असू दे.

तुझी,
बयो

---

ता. १६, मंगळवार

चि. बयोस,

अ. उ. आ. घाईत आहे, आशीर्वाद पळत पळत घे.

चंदेरी घेऊ नकोस! त्यावरचा १०० म्हणजे त्याची शहाणपणाची पदवी. पोट असलं तरी तोही चित्र आत धरून ठेवतो, मग दाखवतो. त्याच्यावरही शून्य येईल आणि मग तुझं कोण ऐकणार? काळा नको, बटणं नसतील तर चालवशील कशाने. जांभळ्याला मात्र नाही म्हणू नकोस, तो डाग सहसा जातो. पण पहिला मान लालला. मागे पिवळं भोक आहे का बघ, आपली पिवळी वायर त्यात जाते. तिथेच चालू करून दाखव म्हणावं. आवाज खरखरला तरी चालेल, आपल्याला कावळ्याचं गाणं ऐकायचं नाही. चित्र झटकन आलं, हललं नाही, जळका वास आला नाही की उचल. उजेडाचं बटण पूर्ण वर कर, बंदुकीला उजेड आवडतो.

मागचं झाकण उघडायचं नाही. तार काढून ठेवली तरी आत झटका शिल्लक असतो, माझ्यासारखाच तोही जुना राग धरून बसतो. झाकण बंद असलं की खुशाल मांडीवर घे, काही होत नाही.

आणि आधी भिंतीवरच्या टीव्हीवर सगळ्यांना खेळायला लाव. सगळ्यांना. तू एक शब्द बोलू नकोस, शून्याला बोलू दे.

भाचीला सांग, मामा निकालाची वाट बघतोय.

दादा

---

ता. २४, बुधवार

ती. दादास,

सा. न. वि. वि. आज साष्टांगच. पलंग सरकवून जागा केली.

तुझं पत्र शनिवारी आलं, चंदेरी नेणारच होते. लालला पिवळं भोक होतं. चालू केला, बारीक किर्र करून चित्र लागलं. पण आणायचा कसा? काकांचा गाडा गेलेला. मग भिंगरीची जुनी बाबागाडी काढली. त्यात टीव्ही बसवला, ऊन लागू नये म्हणून वरून शाल घातली आणि सगळ्या रस्त्याने ढकलत आणला. कोपऱ्यावर शिंपीणबाईंनी शाल उचलून आत पाहिलं आणि विचारलं की बाळ कुणावर गेलंय. मी म्हटलं मामावर, पोट बघा ना.

रविवारी हे आले. वन्सं आधीच हजर, अर्ज टेबलावर, पेन टोपण काढून ठेवलेलं. तू सांगितलंस एक शब्द बोलू नको, तो एक शब्दही मला नीट आला नसता. ह्यांच्या हातात बंदूक दिली आणि सांगितलं की सहीच्या आधी एक डाव.

हे पहिले. लांबून येणाऱ्या गाडीचा नंबर वाचणारा माणूस. दहापैकी शून्य. हसले, म्हणाले थकलोय. वन्संनी बंदूक ओढून घेतली. शून्य. चष्मा काढून पुसला, शून्य. मग चिडून पार काचेला नाक लावलं, बंदुकीचं नव्हे, स्वतःचं. शून्य. कावळा हसत होता. सासूबाई आधी खोकल्या, मग राहवलं नाही, हसल्याच.

तेव्हा दादा, मी बोलले. तू नको म्हणाला होतास, तरी बोलले. मी म्हटलं की वन्सं, आणखी दोन अर्ज आणा. एक तुम्हाला, एक ह्यांना. एवढ्या लांबच्या शाळेत भिंगरीला एकटीला करमायचं नाही.

मला वाटलं आता संपलं माझं. पण मागे घेतलं नाही. स्टूल ओढलं, लाल टीव्ही त्याच्यावर ठेवला, वायर लावली, उजेड वर केला. भिंगरीने पट्टी स्वतः बांधली आणि हे म्हणाले, घट्ट बांध, चोरून बघू नकोस. पहिला कावळा पडला. दुसरा पडला. चौथा हुकला तेव्हा ह्यांनीच च्च् केलं. आठ. दहापैकी आठ.

वन्सं म्हणाल्या की त्या टीव्हीवर कुणाचेही पडतील. मी बंदूक पुढे केली. त्यांचे दोन पडले. सासूबाईंनी विचारलं की मला का नाही, तर त्यांना दिली. सहा! अजून सांगत फिरतायत.

हे भिंगरीची पट्टी सोडून तिच्या कपाळावरचा वळ चोळत बसले. मग म्हणाले की मी सही केली असती. एवढंच. स्टूल डुगडुगत होतं, त्यांनी अर्जाची चौपदरी घडी केली आणि पायाखाली सारली. आता हलत नाही.

काल डॉक्टरांकडे आम्ही तिघंही गेलो. मागच्या खेपेला आळशी डोळ्याने वरच्या दोनच ओळी वाचल्या होत्या, काल चार वाचल्या. पट्टी अजून काही महिने बांधायचीच आहे. बरोबर वन्संही आल्या होत्या. त्या वाईट नाहीत रे. मी घाबरले की सुया मोडते, त्या घाबरल्या की अर्ज आणतात. त्यांचा टीव्ही भिंतीवर आहे, बातम्यांना चांगला आहे. ह्या लालला मात्र कुणी हात लावायचा नाही असं मी सांगितलंय, आणि मी सांगितलंय म्हणून कुणी लावत नाही. गंमत आहे ना?

तुझीही त्या वर्गात कुणी जागा बदलून बघायला हवी होती, दादा. ते राहूनच गेलं. इकडे ये, तुझ्या डाव्या कानाशी मी बसते.

मायेत खंड नको. आता साठवायची गरज उरली नाही, पण सवय लागलीय.

तुझी,
बयो

ता. क. खालचं भिंगरीने लिहिलंय, पट्टी बांधून. मी एक अक्षर गिरवून दिलेलं नाही.

ती. मामास,

सा न वि वि. मी आज नऊ पाडले. आजीचे सात पडले. आईचे चारच पडले. टीव्ही चांगला आहे. बंदूक पण चांगली आहे. मग आईचा डोळा दाखवायचा का?

तुझी भिंगरी