तारेतला फरक

प्रिय खटपट्या,

हे नाव आता तुला शोभत नाही, कळतं मला. पण घड्याळ, इस्त्री, मिक्सर, हाताला लागेल ते उघडून बसणारा तूच अजून माझ्या डोळ्यांसमोर असतोस. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोनवर तू बाबांची तब्येत विचारतोस, मी "ठीक आहेत" म्हणते आणि आपण दोघंही सुटतो. तर बाबा ठीक नाहीत. आजारी नाहीत, पण ठीकही नाहीत. समोरच्या खोलीतला स्टिरिओ त्यांनी बंद केलाय. रोज फडक्याने पुसतात, लावत मात्र नाहीत.

या सगळ्याची सुरुवात तुझ्याच हातून झाली होती, आठवतं? नोकरी लागली तेव्हा तू त्यांच्यासाठी स्पीकरची नवी केबल आणलीस. जुन्या वायरची टोकं हिरवी पडली होती, प्लग सैल झाला होता. नवी जोडली आणि खरंच आवाज मोकळा झाला. मलासुद्धा कळलं, म्हणजे बघ! बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "अरे, गाणारीचा श्वास ऐकू येतोय!" म्हणाले. उभा जन्म स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यात गेलेला माणूस. कुठल्या वादकाची तार जराशी उतरलीय ते काचेआडून सांगायचे. तू आणलेली ती केबल त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली. पोस्टमनही सुटला नाही.

पुढचं तू पाहिलंच आहेस. केबलमागून केबल. अंगठ्याएवढ्या जाड, वरून विणलेलं कव्हर, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग. मग विजेची वायर वेगळी. मग केबल जमिनीला टेकू नये म्हणून लाकडी ठोकळे, स्पीकरखाली पितळेचे टोकदार पाय. नवीन काही आलं की आठवडाभर स्वारी खूश, आणि मग पुन्हा कपाळाला आठी. "वरचे सूर मेलेत. कुठेतरी गळती आहे." तू पडलास इंजिनिअर, तुझ्या डोक्यात ते जायचंच. "बाबा, आधीची गंजली होती म्हणून फरक पडला. धड असलेल्या तारेच्या जागी दुसरी धड तार लावून काय होणार?" असं तू कितीदा समजावलंस. त्यांचं उत्तर ठरलेलं. "तू मोजतोस, मी ऐकतो."

शेवटी त्या रविवारी तू स्टिरिओसमोर चादर टांगलीस. तू मागे, बाबा पुढे डोळे मिटून. केबल बदलली की तू "हं" म्हणायचं आणि त्यांनी काय वाटतं ते सांगायचं. "आता अंग भरलं आवाजाला." "आता कोरडा झाला." "ही, ही माझी जाड केबल, शंकाच नाही." किती रंगून सांगत होते! मग तू बाहेर आलास आणि म्हणालास, "बाबा, मी काहीच बदललं नाही. पहिल्यापासून हार्डवेअरच्या दुकानातली साधी वायर आहे." ते चिडले नाहीत. उठले, चादर काढली, टोकाला टोक जुळवून तिची घडी घातली आणि आत गेले. त्यानंतर तू घरात असलास की ते गॅलरीत जाऊन बसायचे, आणि तू बदली मागून घेतलीस. तुझं काही चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही, आजही म्हणत नाही. फक्त वरचे सूर त्यांना खरंच ऐकू येत नसतील, हे आपल्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

या हिवाळ्यात एका दुपारी मी शाळेतून आले तर दारापर्यंत शिट्टी ऐकू येत होती. चहाची किटली गॅसवर किंचाळत होती, आणि बाबा शेजारच्याच खुर्चीत निवांत पेपर वाचत होते. मी धावत जाऊन गॅस बंद केला. कान तपासायला चला म्हटलं तर हसले. "माझे कान? लोक उदाहरणं द्यायचे गं माझ्या कानांची." तरी आले. तपासणीच्या त्या छोट्या खोलीत शिरताना मऊ भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "चांगली बांधलीय, आवाज परतत नाही." कानांवर हेडफोन, हातात बटण, सूर ऐकू आला की दाबायचं. मी काचेबाहेर, तपासणाऱ्या बाईंच्या शेजारी. आधी झरझर दाबत होते. मग बाईंनी सूर चढवला आणि बाबांचा अंगठा थांबला. बाई आवाज वाढवत राहिल्या. बाबा ताठ बसून वाट बघत होते, पहिल्या बाकावरच्या मुलासारखे. थोड्या वेळाने माझ्याकडे बघून हसले आणि खुणेने विचारलं, पुढचा सूर कधी लावणार? तपासणी संपत आली होती रे.

घरी आल्यावर चपला काढताना म्हणाले, "त्याला कळव, तारेत काही नव्हतं." आणि जरा थांबून, "पण नवी तार लावली की मी जिवाचा कान करून ऐकायचो. तेव्हा जे ऐकू यायचं, ते आठवणीतलं असणार." आता श्रवणयंत्र आहे. बोललेलं कळतं, पण गाणं पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं लागतं म्हणतात. स्टिरिओ एकदाच लावून पाहिला. मग सगळ्या केबल सोडवल्या, वेटोळी करून कपाटात ठेवल्या. तुझ्याशी फोनवर बोला म्हटलं, तर म्हणाले, "काय बोलू? त्याचं खरं निघालं, बस्स."

पण एवढ्यासाठी मी लिहायला बसले नसते. डॉक्टरांनी घरातल्या बाकीच्यांची चौकशी केली आणि माझेही कान तपासले. तपासणीच्या आलेखावर माझीही रेघ बाबांसारखीच वरच्या सुरांना उतरतेय, अजून थोडीच. अलीकडे वर्गातल्या मुली पुटपुटतात म्हणून मी उगाच त्यांच्यावर खेकसत होते. हे रक्तातून उतरतं म्हणाले, कुणाला लवकर, कुणाला उशिरा. तेव्हा तू तपासून घे. पण त्याआधी तुझ्या धाकट्या लेकीला ने. मागे तू फोन तिच्या हातात दिलास तेव्हा माझ्या प्रत्येक वाक्याला ती "काय?" म्हणत होती, आणि मागून तू ओरडलास, "लक्ष कुठे असतं गं तुझं?" तिला रागावू नकोस. बहुतेक तिचं लक्ष असतं. याच आठवड्यात घेऊन जा, आणि जे काही निघेल ते मला फोन करून सांग. मी "पुन्हा बोल" म्हटलं तर कंटाळू नकोस.

तुझीच,
ताई