दिवाळीला मीच नेतो

बेलवली, बदलापूर
१२ मे १९९४

चि. पदूस चंद्रीताईचे अनेक आशीर्वाद.

बाचं काम झालं. आतड्यात लिंबाएवढी गाठ होती, रक्त तिचंच पडायचं. आधीचा डॉक्टर पोट फाडून कडेला शौचाची पिशवी लावू म्हणाला, तेव्हा बा पाड्यावर पळून गेला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी खालून दुर्बीण घातली आणि तारेच्या फासाने गाठ तुकड्या-तुकड्यांनी काढली. पोटावर ओरखडा नाही. आदल्या दिवशी जुलाबाचं पाणी पिताना मात्र बाने तुझ्या भावजींच्या सात पिढ्या काढल्या.

एका तुकड्यात खराबी निघाली. मुळाशी काही राहिलं तर परत वाढेल, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची आहे. चुकवू नका, असं दोनदा बजावलं.

तुझी बोरिंगची गाडी जिथे असेल तिथे वेळेवर जेव. माया आहेच, पत्रातून कळू दे.

तुझी ताई


नागौर, राजस्थान
३ जून १९९४

सौ. ताईस पदूचा शि. सा. न. वि. वि.

चौथीच्या अक्षराला हसू नको. आम्ही जमिनीत पाइप घालतो, त्यांनी बाच्या आत घातला. आम्हाला चारशे फुटांवर पाणी लागत नाही, त्यांना हातभर आत गाठ लागली. मानलं.

पण कापलंच नाही तर परत काय बघायचं? डॉक्टर लोक घाबरवतातच. तीनाचे सहा महिने झाले तर काय बिघडतं? बाला सांग, भावजींच्या मागे फरफटत जाऊ नको. दिवाळीला मी येतो, मीच नेतो. तुला बांधणीची साडी आणतो.

भावजींना नमस्कार. लोभ कमी करू नको.

पदू


बेलवली
३० ऑगस्ट १९९४

चि. पदूस आशीर्वाद.

तुझं पत्र बाला वाचून दाखवलं, ती माझी चूक. तुझे भावजी तीनदा पाड्यावर जाऊन आले. बा म्हणतो, पोरगा येतोय, त्याच्याबरोबर जाईन. शेजारच्या वेणूबाईच्या ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतो. दोन ओळी लिही की भावजींबरोबर जा. तुझंच ऐकेल.

ताई


नागौर
९ नोव्हेंबर १९९४

ताईस नमस्कार.

दिवाळीला मुकादमाने सुट्टी दिली नाही. फार पाया पडलो. बाला म्हणावं थांब, शिमग्याला पक्का. गाडी आता जैसलमेरला चालली आहे, पत्ता खाली लिहिला आहे.

पदू


बेलवली
२ एप्रिल १९९५

पदू,

शिमगा गेला. बाने जेवण सोडलं, तेव्हा भावजींनी उचलूनच नेला. गाठ परत आली आहे आणि लिव्हरपर्यंत गेली आहे. डॉक्टरांनी जुने कागद चाळले आणि विचारलं, ऑगस्टमध्ये का आला नाहीत. बाच म्हणाला, पोराला सुट्टी नव्हती.

आता दुर्बीण नाही, कापणंही नाही. बाला माझ्याकडे आणलंय. तुझ्यावर त्याचा राग नाही. पडल्या पडल्या तुझ्या मुकादमाला शिव्या देतो.

चंद्री


जैसलमेर
११ एप्रिल १९९५

ताई,

मुकादमाला शिव्या देऊ नको म्हणावं. भला माणूस आहे. सुट्टी मी मागितलीच नव्हती. गाडी इकडे यायची होती आणि मला वाळवंट बघायचं होतं. शिमग्याला तो आपणहून म्हणाला, घरी जाऊन ये. मीच म्हटलं, अजून एक बोर मारू.

बघितली वाळू. काही नाही तिच्यात.

पुढच्या बुधवारचं तिकीट काढलंय. लोभ मागत नाही. मी पोचायच्या आत हे बाला वाचून दाखव, एक ओळ गाळू नको. माझ्या तोंडून ते निघणार नाही.

पदू