रिकाम्या करवंट्या

मिठबाव, ३ फेब्रुवारी २०२४

चि. दीपिकास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितो. देवगडच्या मंडळींना तुझं स्थळ पसंत आहे. मुलगी काय करते, असं त्यांनी विचारलं. बँकेत असते, असं सांगून मी मोकळा झालो. सिनेमातल्या घोड्यांच्या टापा करवंट्यांनी वाजवते, हे कुठल्या तोंडाने सांगू? तू करवंट्या मागवल्यास, पण लेकीला रिकाम्या करवंट्या कोण पाठवतं? भरलेले नारळ पाठवतोय. खोबरं खा आणि नोकरी बघ.

आई आठवण काढते. तब्येतीला जप.

तुझा, बाबा

मुंबई, ११ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न.

नारळ मिळाले. वड्या केल्या, अख्ख्या स्टुडिओने चाटूनपुसून खाल्ल्या. मग करवंट्या वाजवल्याच! नोकरी बघणार नाही, कारण हीच माझी नोकरी आहे. शूटिंगमध्ये पावलांचा, भांड्यांचा आवाज नीट येत नाही. तो आम्ही नंतर पडद्याकडे बघत करतो. आताच्या सिनेमात एक मासेवाली ओल्या वाळूतून चालते. आमचे साहेब म्हणाले, कॉम्प्युटरमधला तयार आवाज लाव. मी नाही म्हटलं. खोक्यात वाळू भिजवली आणि आईसारखी चालले, डावा पाय जरा ओढत.

देवगडकरांना खरं सांगा. नाहीतर मी मुळीच येणार नाही. राग करा, पण लोभही असू द्या.

तुमची, दीपिका

मिठबाव, १८ ऑगस्ट

चि. दीपिकास अ. आ. वि. वि.

काल कणकवलीला तुझा सिनेमा पाहिला. देवगडकरांनाही बोलावलं होतं, कारण इतके महिने खरं सांगायला जीभ रेटत नव्हती. ती बाई वाळूतून चालायला लागली आणि तुझी आई पडद्याकडे बघायची सोडून स्वतःच्या पायांकडेच बघत बसली.

सिनेमा संपला. नावं वर सरकायला लागली तशी माणसं उठली. मी दारात हात पसरून उभा राहिलो आणि ओरडलो, बसा रे, माझ्या चेडवाचां नाव येवचां आसा! बसले सगळे. नाव आलं तेव्हा तुझ्या आईने टाळ्या वाजवल्या. देवगडकरांनी विचारलं, मुलगी बँकेत ना? म्हटलं, नाही, करवंट्या वाजवते, आणि नारळ माझे असतात.

त्यांचा फोन आलेला नाही. न येवो. तू चवथीला ये. यंदा पोतंभर जमवून ठेवल्यात, रिकाम्याच.

तुझा, बाबा