असियोनच्या नजरेचा दाखला

दुमागेते,
रविवार, भर दुपार

प्रिय सोली,

‘प्रिय’ लिहिताना पेन थांबलं होतं, पण खोडलं नाही. अकरा वर्षांत तुला दुसरं काही म्हणायची सवयच लागली नाही. तरी आधीच सांगते, हे पत्र लाडाचं नाही. मी संतापले आहे. तेवीस दिवसांत तू एकदाही फोन केला नाहीस, की दुकानाची पायरी चढली नाहीस. गेल्या गुरुवारी बाजारात मला लांबून बघितलंस आणि सरळ मासळीवाल्यांच्या ओळीत घुसलीस. तू! जिला मासळीच्या वासाने घेरी येते! तोंडाला रुमाल लावून तू मी जायची वाट बघत उभी होतीस. मला आधी हसू आलं, मग असा काही राग आला की घेतलेले आंबे आंबेवालीकडेच टाकून मी घरी निघून आले. अर्ध्या तासात आंबे दारात हजर. “विसरलात ना, मॅडम?” म्हणत तिची सून देऊन गेली. या गावात माणूस धड रागावूसुद्धा शकत नाही. लगेच कोणीतरी मागून पिशवी घेऊन येतं.

मनिला सोडून आम्ही इथे आलो ते एर्नानीच्या छातीसाठी. तिथली हवा त्याला सोसेना. मी कुरकुरत आले होते, तुला माहीत आहे. दुकानाची पाटीही लागली नव्हती तेव्हा तू तुटक्या दांडीचा चष्मा घेऊन आलीस आणि मी दांडी बसवेपर्यंत सगळं विचारून घेतलंस: मुलं का नाहीत, नवरा असा बारीक का, रविवारी कुठल्या चर्चला जाणार. रात्री मी एर्नानीला म्हटलं, “या गावात शेजारी राहतात की फौजदार?” तो खोकत खोकत हसला. दुसऱ्या दिवशी तू सोळा माणसं घेऊन आलीस. म्हणालीस, “ही मनिलाची बाई आता आपली आहे, सगळ्यांनी हिच्याकडेच डोळे दाखवायचे.” त्यातल्या निम्म्यांना चष्म्याची गरजच नव्हती! मी तसं सांगितलं, तर एक म्हातारे रुसून बसले. इतक्या लांबून आलोय तर काहीतरी द्या, म्हणाले.

मनिलात आम्ही एका मजल्यावर चौदा वर्षं राहिलो. समोरच्या दाराला आमचं नाव कळलं, तेव्हा पोस्टमनने आमचं पाकीट चुकून तिकडे टाकलं होतं. आणि इथे चार वर्षांपूर्वी एर्नानी बाजारात कोसळला, तर रिक्षावाल्याने पत्ता न विचारता त्याला इस्पितळात नेलं, मला कळवायला माणूस धाडला आणि मी पोचले तेव्हा रक्त द्यायला तीन जण बाही वर करून बसले होते. तू नऊ दिवस माझ्या शेजारच्या बाकावर झोपलीस. शेवटच्या दिवशी त्याचे डोळे तू मिटलेस, कारण माझा हात उचलेना. यातलं काही मी विसरलेले नाही. विसरता आलं असतं तर हे तेवीस दिवस सोपे गेले असते.

आता तू माझ्याकडे कोणाकोणाला पाठवलंस ते ऐक. “मी कोणाला पाठवलं नाही” असं म्हणू नकोस. इथे कोणाला पाठवावं लागत नाही, नुसतं कोणासमोर रडलं की पुरतं, आणि तुला ते चांगलं ठाऊक आहे. सगळ्यात आधी माझी घरमालकीण आली, काजूचा केक घेऊन. “रेमी, तुझ्या दुकानाचा करार डिसेंबरात संपतो ना? काही काळजी करू नकोस हं,” म्हणाली. मी काळजी करतच नव्हते, तिनेच लावून दिली. मग चर्चच्या गायनातल्या दोघी आल्या, कोंबडीचं सूप घेऊन. “सोलीच्या एन्सोचं लग्न ठरत आलंय, बिचारा पोरगा जेवत नाही.” परवा मिस्सेनंतर फादरनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “सत्य तर देवाला माहीतच असतं, त्याला आपण वेगळं सांगायची गरज काय?” मनिलात असते तर कोणीतरी फोनवर धमकावलं असतं. ते बरं, सोली. धमकीच्या तोंडावर दार आपटता येतं. केक घेऊन आलेल्या बाईला काय करायचं? आत घेतलं, चहा दिला, केक खाल्ला. वर “छान झालाय” असंही म्हटलं.

त्या सकाळचं आपण दोघी अजून एकमेकींशी बोललेलोच नाही. म्हणून एकदा नीट लिहिते, म्हणजे मला काय दिसलं याबद्दल तुझ्या मनात शंका नको. सव्वासहा वाजले होते. लख्ख उजाडलं होतं. समुद्राच्या कडेने फिरून मी घराकडे वळले होते. मानांग असियोन, सगळ्या गावाची थोरली बहीण, डोक्यावर बुदबुदची, गोड चिकट भाताच्या वड्यांची टोपली घेऊन तो एकमार्गी रस्ता ओलांडत होती. ज्या बाजूने गाड्या यायला हव्यात त्या बाजूला तिने मान वळवून बघितलं, रस्ता मोकळा दिसला, मगच पाऊल टाकलं. एन्सोची गाडी उलट्या बाजूने, समुद्राकडून आली. जोरात. फोन त्याच्या कानाला होता. तिला उडवल्यावर तो थांबला. दार उघडून त्याने एक पाय खाली टाकला. केळीच्या पानातले बुदबुद रस्ताभर पसरले होते. त्याने ते बघितले, तिला बघितलं, मग मला. “तिता रेमी,” असे त्याचे ओठ हलले. पंधरा वर्षांचा असल्यापासून तो मला मावशी म्हणत आला आहे, तसंच. मग त्याने पाय आत घेतला, दार ओढलं आणि निघून गेला. मी असियोनला हाका मारत तिच्याकडे धावले.

दुपारी तुझा वकील मामेभाऊ त्याला चौकीत घेऊन गेला आणि जबाब लिहून दिला: गाडी बरोबर बाजूने चालली होती, म्हातारी दिसत नसल्यामुळे आपण होऊन आडवी आली, मुलगा घाबरला म्हणून थांबला नाही. आणि मी काय केलं? शिपाई माझ्याकडे आला होता, माझ्याच दुकानातला चष्मा लावून. “तुम्ही काय बघितलंत, मॅडम?” मी म्हटलं, “मी समुद्राकडे बघत होते.” त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि तेच लिहून घेतलं. ते मी एन्सोसाठी केलं नाही. त्या बाकावरच्या नऊ दिवसांसाठी केलं. माझी समजूत होती, संध्याकाळी तू येशील, माझ्या गळ्यात पडून रडशील आणि आपण दोघी मिळून त्याला घेऊन चौकीत जाऊ. मी सात वाजेपर्यंत दुकान उघडं ठेवून बसले. तू आली नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी केक आला.

तरीही मी गप्प राहिले असते. ही लाजेची गोष्ट आहे, पण खरी आहे. आपल्या गावाने मला इतकं दिलं, एकदा गप्प बसायला काय जातं, असं मी स्वतःला समजावत होते. बाजारात मात्र रोज नवीन ऐकू यायला लागलं. आधी म्हणाले, असियोन घाईत होती. मग म्हणाले, तिला चक्कर आली. आठवड्याने म्हणायला लागले, “तिला दिसतच कुठे होतं, आंधळीच ती.” ते माझ्या दुकानात, माझ्या काउंटरला टेकून, माझ्या तोंडावर म्हणाले! मार्चमध्ये मी स्वतः तिचे डोळे तपासले होते. नव्या चष्म्यातून तिने फळ्यावरची शेवटची ओळ वाचली होती आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या होत्या. तिला हाताला धरून कोणी आणलं होतं, सोली? तूच आणलंस. “म्हातारीला रस्ता दिसत नाही, एखाद दिवशी गाडीखाली येईल,” असं तूच म्हणाली होतीस.

बुधवारी तुझा मामेभाऊ आला. मोठा गोड बोलतो. “मॅडम, साक्ष द्या, देऊ नका, आमचं काही म्हणणं नाही. फक्त तिची नजर अधू असल्याचा एक छोटासा दाखला हवा, तुमच्या वहीतून.” आणि त्याने एक चिठ्ठी पुढे सरकवली. अक्षर तुझं. दर नाताळला माझ्या नावाचं पाकीट ज्या अक्षरात येतं ते. ‘मार्चच्या आधीचा नंबर चालेल. तारखेचं रेमी बघून घेईल.’

रेमी बघून घेईल! हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल! तेवीस दिवस माझ्याशी एक शब्द बोलायची तुला हिंमत झाली नाही, पण मी तुझ्यासाठी खोटी तारीख घालीन याची तुला इतकी खात्री होती की विनंतीसुद्धा करावीशी वाटली नाही. तू स्वतः येऊन म्हणाली असतीस, “रेमी, माझा एकुलता एक मुलगा आहे, मी त्याला तुरुंगात जाताना बघू शकत नाही, मला वाचव,” तर मी काय केलं असतं देव जाणे. कदाचित दाखला लिहूनही दिला असता. म्हणूनच कदाचित तू आली नाहीस. समोरासमोर मागितलंस तर मी देईन आणि मग आयुष्यभर आपल्याला एकमेकींची तोंडं बघावी लागतील, हे तुला कळत असणार. हा विचार मनात आला आणि क्षणभर तुझी कीव आली. राग मात्र कमी झाला नाही.

काल मी असियोनकडे गेले. इतके दिवस गेले नव्हते, हेही लिहायला हवं. तुला कोणी सांगितलं का, की तिचा पाय गेला? गुडघ्याखाली. हाडांचे डॉक्टर सेबूहून बोटीने येतात, फक्त गुरुवारी. ती पडली शुक्रवारी. हे गाव इतकं प्रेमळ की तिच्या खाटेपाशी चाळीस माणसं येऊन गेली, आणि इतकं लहान की त्या चाळिसांत पाय वाचवणारा एकही नव्हता. ती दारात बसून केळीची पानं पुसत होती. आता सुनेला शिकवते आहे. मला बघून तिचा चेहरा खुलला. म्हणाली: “मॅडम, त्या दिवशी पडले तेव्हा मला नुसतं आभाळ दिसत होतं. मग तुमचा आवाज आला. मनात म्हटलं, चला, ओळखीचं माणूस आहे, आता काळजी नाही.” पोलिसांना मी काय सांगितलं ते तिने विचारलं नाही. विचारायचं तिच्या मनातही आलं नसावं. तिला ओळखीचं माणूस भेटलं होतं ना! सोली, मी तिथे बसून बुदबुद खाल्ले, गरम चॉकलेट प्यायले, आणि बाहेर येऊन त्यांच्या कुंपणाला धरून उभी राहिले.

एन्सोलाही मी बघितलंय. तुला माहीत नसेल. तो रोज संध्याकाळी माझ्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे येऊन उभा राहतो. दाढी वाढली आहे, खांदे पडले आहेत. मी मान वर केली की निघून जातो. सव्वीस वर्षांच्या बाप्याला तुम्ही सगळ्यांनी मिळून कुशीत दडवून ठेवलंय आणि त्याचा श्वास कोंडतो आहे, हे एकट्या तुलाच दिसत नाही. तो काहीतरी बोलायला येतो. मला विचारशील तर त्याला काय बोलायचंय ते मला कळलं आहे.

म्हणून हे पत्र. तासाभरात मी स्वतः येऊन ते तुझ्या दाराखालून आत सरकवीन, घंटी वाजवणार नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मी चौकीत जाऊन माझा जबाब बदलणार आहे: गाडीची बाजू, फोन, त्याने खाली टाकलेला पाय आणि माझं खोटं, सगळं सांगणार आहे. तुझी चिठ्ठी मी जाळली. ती तुझ्यामाझ्यातली होती. डिसेंबरनंतर दुकान राहील की नाही, मिस्सेला माझ्या शेजारी कोणी बसेल की नाही, मला माहीत नाही. हे सगळं तुला न सांगता मला परस्पर करता आलं असतं आणि तू माझ्याशी जशी वागलीस त्यावरून तसंच करायला हवं होतं. पण मी गेले की एन्सो पकडला गेलेला माणूस होईल. माझ्याआधी तो गेला, तर स्वतः होऊन आलेला होईल, आणि पुढची सगळी वर्षं त्याला त्यातलंच एक काहीतरी म्हणवून घेऊन या गावात राहायचं आहे. चौकी आठ वाजता उघडते. मी आठपासून बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. त्याला एकट्याला पाठवू नकोस, तू बरोबर ये. तुम्ही आत असाल तितका वेळ मी बाहेर थांबेन, कितीही वेळ लागो. कोणीच आलं नाही, तर नऊला मी उठेन.

अजून तरी तुझीच,
रेमी