थोरलीच्या जागी

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला थांबला का? मी बरी आहे. नव्या घरात अजून अर्धी खोकी तशीच पडली आहेत. खिडकीला पडदे नाहीत, त्यामुळे समोरच्या इमारतीतले आजोबा आणि मी रोज सकाळी एकमेकांना चहा पिताना बघतो. ओळख नाही, पण आता एखादा दिवस दिसले नाहीत की चुकल्यासारखं होतं.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काकांना विचारलं तर म्हणाले, "तुझं नाव दिसलं की ती फोन पालथा घालते. मला मध्ये घालू नका." मालिकेतल्या एका बाईला मी मारलं म्हणून सख्खी मावशी बोलायची थांबली, हे ऑफिसात सांगितलं तर लोक हसतील. मी कोणाला सांगितलं नाही.

तुझा राग मला कळतो. भाचीने लिहिलेली मालिका म्हणून तू बघायला बसलीस आणि थोरलीसाठी बघत राहिलीस. त्या घरातली ती मोठी सून, सगळ्यांचं ऐकून घेणारी आणि वेळ आली की एका वाक्यात सगळ्यांना गप्प करणारी. तू तिच्यात आईला बघायचीस, हेही मला माहीत आहे. तू कधी बोलली नाहीस, पण थोरली रागावली की तू "अगदी ताईसारखं" असं पुटपुटायचीस, ते मी ऐकलं आहे. तशी ती मी मुद्दाम लिहिली होती. आई गेल्यावर तूच मला वाढवलंस, तेव्हा तुला काहीतरी द्यावं असं वाटायचं.

तुझ्या फोनवरच्या, मालिकेच्या ग्रुपमधलं सगळं आमच्यापर्यंत पोचतं बरं का. शेजारच्या चार बायकांपासून सुरू झालेला तुझा ग्रुप आता केवढा वाढलाय, कोणीही येऊन वाचतं. चॅनेलमधली एक मुलगी रोज प्रेक्षकांची मतं गोळा करून आम्हाला पाठवते, त्यात तुमची मतं वरच असतात. थोरली मरायच्या आधीचे काही महिने मी ती वाचायची आणि फोन बाजूला ठेवायची.

थोरली हल्ली केसांना काय लावते, टोप घातल्यासारखी दिसते, असं तुमच्यातल्या एकीने लिहिलं होतं. मावशी, तो टोपच होता. दुसरीने लिहिलं, या वयात वजन उतरवलंय, हिला आता हिरॉईन व्हायचंय. थोरली सगळे प्रसंग खुर्चीत बसून करते, अंगात आळस शिरलाय, असंही होतं. तिला बसवणारी मी. उभ्याने लिहिलेले प्रसंग मी एकेक करून बसते केले, कारण तिला फार वेळ उभं राहता येत नव्हतं. तुम्ही बायका हुशार आहात. तिच्यातला एकही बदल तुमच्या नजरेतून सुटला नाही. कारणं तेवढी सगळी चुकली.

थोरलीचं काम करणाऱ्या बाईला सेटवर सगळे ताई म्हणायचे, मीसुद्धा. ताई आजारी होती. "होती" हा शब्द मी लिहिला, खोडला आणि परत तोच लिहिला.

ताई गुरुवारी गेली. तिच्या मुलीने आणि भावाने ठरवलंय की आठवडाभर बातमी बाहेर द्यायची नाही, त्यांना थोडी शांतता हवी आहे. मग सगळीकडे येईलच. तोवर हे पत्र तुझ्या हातात पडलेलं असेल. तू कोणाला सांगू नकोस, काकांना सांगितलंस तर चालेल.

आजार कळला तेव्हा तिने फक्त निर्मात्याला आणि मला सांगितलं. निर्माता माणूस वाईट नाही. म्हणाला, तुम्ही आराम करा, तोवर आपण दुसरी कोणीतरी आणू, प्रेक्षकांना दोन आठवड्यांत सवय होते. ताई उठली. मेकअप रूममध्ये आल्यावर मला म्हणाली, "माझ्या खुर्चीत दुसरी बसलेली मला टीव्हीवर बघावी लागेल. पडल्या पडल्या दुसरं काय करणार मी? त्यापेक्षा तू तिला मारून टाक." मी म्हटलं, ताई, असं नका बोलू. ती म्हणाली, "माझ्यासाठी एवढं कर. तिला माझ्याबरोबर जाऊ दे." निर्मात्याला मी पटवलं, त्याने चॅनेलला पटवलं. आजाराचं कोणाला कळू द्यायचं नाही, ही तिची अट होती. लोकांनी बघताना हळहळ करू नये, काम बघावं, एवढंच तिचं म्हणणं.

तर थोरलीला मी मारलं नाही, मावशी. तिनेच तिला बरोबर नेलं.

मरणाचा प्रसंग मी खूप मेहनतीने लिहिला होता. दोन पानांचं बोलणं होतं तिचं, प्रत्येकाला काही ना काही सांगून जाते असं. आमचं सेटवरचं हॉस्पिटल म्हणजे थोरलीच्या स्वयंपाकघराच्याच भिंतीला मागून निळा रंग दिलेला. ताई पलंगावर पडली, कागद वाचले आणि पेन मागितलं. सगळं खोडून एकच ओळ ठेवली. मला म्हणाली, "एवढं कोणी बोलत नाही गं. दमायला होतं." तुम्हाला तो प्रसंग आवडला नाही, घाईघाईत उरकला, दोन शब्दही नीट न बोलता गेली, असं तुमचं मत पडलं. मी ताईला ते सांगितलं नव्हतं. पण ती स्वतः सगळं वाचत होती. खऱ्या हॉस्पिटलमध्ये पडून, चष्मा लावून, अंगठ्याने सरकवत. मुलगी फोन काढून घ्यायची, ही परत मागायची.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

तू मला बोलून पाठवलेला तो निरोप तिने ऐकला. मी तिच्याजवळ बसले असताना तो आला. तुझा आवाज ऐकून तिने विचारलं, कोण गं? मी म्हटलं, मावशी. म्हणाली, थोरलीवाली मावशी ना, लाव की. मी नको म्हटलं, तिने ऐकलं नाही. तुझे शब्द तुला आठवत असतील. "तिला सांग, मोठा सिनेमा मिळाला असेल तर आनंद आहे. पण आम्ही तिला घरातली मानली होती. घरातलं माणूस असं न सांगता उठून जात नाही." आणि मग तुझा आवाज फुटला, आणि निरोप तिथेच संपला.

ताईने तो पुन्हा लावायला सांगितला. मी म्हटलं, मी तिला खरं सांगते, ती फार चांगली आहे, तिला कळलं तर... ताई म्हणाली, "नको. रागावू दे तिला. सिनेमा मिळालाय असंच वाटू दे." आणि हसली. हसताना तिला त्रास व्हायचा. ती दुखावली का, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे एकदा स्वतःहून म्हणाली, "तुझ्या मावशीचं बरोबर आहे, सांगून जायला हवं होतं."

मावशी, हे न लिहिताही चाललं असतं. पण तू मला कधी खोटं बोलायला शिकवलं नाहीस, आणि पुढचं सांगायचं तर हे सांगावंच लागतं.

थोरली गेल्यावर मालिका बघणाऱ्यांचे आकडे कोसळले. तुमच्या ग्रुपने "थोरलीला परत आणा" म्हणून चॅनेलला निरोपांवर निरोप पाठवले. मीटिंगमध्ये ते मोठ्याने वाचून दाखवले गेले. पहिला तुझा होता. चॅनेलच्या साहेबांनी टेबलावर हात ठेवून सांगितलं, लोकांना थोरली हवी आहे, थोरली द्या. ती मेलीच नव्हती, अपघातात चेहरा बदलला, असं काहीतरी बसवा. मी म्हटलं, आपण शब्द दिलाय. निर्मात्याने वहीत "अपघात" लिहून घेतलं. ताई तेव्हा जिवंत होती. मी तिला सांगितलं नाही, आणि तिच्या मुलीने तोवर फोनही कायमचा काढून घेतला होता, टीव्हीही बंदच ठेवला होता, तेवढं एक बरं झालं.

मी ते लिहायला नकार दिला. कोणी आरडाओरडा केला नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीने संध्याकाळपर्यंत लिहून दिलं, आणि चांगलं लिहिलं. आता ती मालिका माझी नाही. मला तुझा राग आला होता का? आला होता. दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले. मग वाटलं, तू प्रेमानेच मागितलंस, आणि मागताना तुला काय ठाऊक होतं?

परवा नवी थोरली माझ्याकडे आली होती. पत्ता शोधत, अवकाळी पावसात, रिक्षा न मिळाल्यामुळे चालत. तिशीची असेल, नाटकात काम करते, पहिलंच एवढं मोठं काम. खोक्यांमध्येच बसलो आम्ही. तिला ताई गेल्याचं निर्मात्याने सांगितलंय. म्हणाली, "मी नाही म्हणणार होते, पण घरात मी एकटीच कमावते." मग विचारलं, थोरली रागावली की नक्की काय करायची. मी तिला दाखवलं, आई करायची तसं, हातातलं काम न थांबवता, मान न वळवता बोलायचं. तिने ते बघून बघून केलं. जमलं नाही. पुन्हा केलं. मला रडू आलं, तिलाही आलं. निघताना म्हणाली, "लोक मला फाडून खातील ना?" मी तिला माझी छत्री दिली.

पुढच्या आठवड्यात ती दिसेल. तू बघू नकोस असं मी सांगणार नाही. पण तुझ्या ग्रुपमध्ये तुझा शब्द चालतो. आवडली नाही तर आवडली नाही म्हणा, टीव्ही बंद करा, तेवढा तुमचा हक्क आहे. फक्त तिच्या तोंडाचं, बांध्याचं, घरचं काढू नका. तिची आई अंथरुणाला खिळलेली आहे, आणि लोकांनी मुलीबद्दल लिहिलेलं सगळं ती शेजारणीकडून वाचून घेते.

तुला ही बातमी एकटीला टीव्हीसमोर कळू नये, एवढ्यासाठी लिहिलं. वाचून झाल्यावर काकांजवळ जाऊन बस.

तुझीच, तू वाढवलेली,
ठमी