सरजाबाईची तीन उत्तरं

१२ जुलै १९८२, लातूर
आजही औरंगाबादचं कार्ड नाही. होस्टेलच्या टपालाच्या डब्यात हात घालून दोनदा चाचपलं!

औरंगाबादला एम.एस्सी.च्या प्रतीक्षायादीत माझा दुसरा नंबर. दोघांनी रसायनशास्त्र सोडलं की मी आत. तोवर इथं एम.ए. समाजशास्त्र. अप्पा उदगीरहून निघताना म्हणाले, "घरी बसलीस तर बघायला पाहुणे येऊन राहतील. त्यापेक्षा लातूरला बस. जागा आली की त्याच दिवशी निघायचं." मी हाव म्हटलं.

बिराजदार सरांनी आज समाजाच्या तीन व्याख्या दिल्या. बरोबर कोणती, ते सांगितलंच नाही! बी.एस्सी.ला पहिला वर्ग मिळवून हे ऐकायचं?

१९ जुलै
कार्ड नाही.

१७ ऑगस्ट
काल लातूर जिल्हा झाला. हलगी, गुलाल, पेढे. आमचं उदगीरही आता यातच. आनंद झाला, उगीच कशाला खोटं बोला. पाऊस मात्र गायब. गावोगाव माणसं रोजगार हमीवर खडी फोडून राहिलीत.

सरांनी या मजुरांच्याच पाहणीचे फॉर्म दिले. छापील, जुने, वर ‘जिल्हा उस्मानाबाद’. साठ फॉर्मवर काट मारून लातूर लिहिलं. हात दुखला.

२४ ऑगस्ट
पहिल्यांदा खडीवर गेले. फजिती!

प्रयोगशाळेत रीडिंग तीनदा घ्यायचं, सरासरी काढायची, ही तीन वर्षांची सवय. खडी फोडणाऱ्या सरजाबाईला मी तेच केलं. "मावशी, पाणी आणायला किती वेळ लागतो?" "दोन तास." थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. "दीड." तिसऱ्यांदा विचारलं तर हातोडा खाली ठेवला तिनं. "न्हाई लागत, जा! तीनतीनदा काय इचारून राहिलीस? मी लबाड हाय का?" बाया लई हसल्या. मी मान खाली घालून लिहिलं : सरासरी एक तास दहा मिनिटं.

२६ ऑगस्ट
सर माझे फॉर्म बघत होते. मग चष्मा काढून डोळे पुसले. हसत होते!

"रुद्राणीबाई, सरजाबाई म्हणजे तुमच्या प्रयोगशाळेतली मापाची ब्युरेट नव्हे. तिसरं उत्तर का आलं, विचारून या."

मला इतका राग आला की जेवले नाही. जगदेवी, माझ्या खोलीतली, मराठी करते. ती म्हणाली, "अगं, भांडण मिटवायला तरी जा." खोली एक, पण हिला बरं सगळं कळतं.

१ सप्टेंबर
फॉर्म पिशवीतच ठेवला. सरजाबाईशेजारी बसले. एक दगडही फुटेना माझ्याच्यानं. तिनं हातोडा कसा धरायचा ते दाखवलं. "शिकलेली हायस न्हवं? मंग दगडाची शीर बघ की."

जेवणाच्या सुट्टीत आपणच बोलली. टँकर आला नाही तर विहिरीला दोन तास. टँकर आला तर रांगेत दीड. आणि तिला स्वतःला? काहीच नाही. पाण्याला तिची पोरगी नागा जाते. चौथीतून शाळा सोडली, दिवाळीनंतर.

तिन्ही उत्तरं खरी होती! आणि मी त्यांची सरासरी काढली. लाज वाटली. होस्टेलला येताना एसटीत मात्र डोकं कसं गरागरा फिरत होतं. फॉर्ममध्ये ‘पाणी कोण आणतं’ हा रकानाच नाही!

२ सप्टेंबर
साठही फॉर्मवर पट्टीनं रकाना आखला. सर म्हणाले, "आखा. आणि सगळ्यांकडे पुन्हा जा." एका शब्दानं कौतुक नाही. तरी मी खूष.

१३ सप्टेंबर
बेचाळीस घरं झाली. एकोणीस घरांत पाण्याला पोरगी, आणि त्यातल्या चौदांची शाळा सुटलेली. सरजाबाई आता मला ‘आमची मास्तरीण’ म्हणते. आज तिनं ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला. तोंड पोळलं. आणखी मागितला.

कधी नव्हे ते सकाळी लवकर जाग येते हल्ली.

२१ सप्टेंबर
रेक्टरबाई ओरडल्या, "रुद्राणी, तुझं पाकीट डब्यात केव्हाचं पडून आहे गं!"

औरंगाबादचं. एम.एस्सी.ची जागा मिळाली होती. हजर व्हायची शेवटची तारीख दहा सप्टेंबर.

डब्यात बघायचं मी कधी सोडलं, आठवतच नाही.

जगदेवीला वाटलं, मी रडतेय. हसत होते मी! अप्पांना लिहायला बसलेय. लई रागावतील.